सोनेरी चेंडू आणि शंभर मतपत्रिका

पॅरिसचं शातले नाट्यगृह, २८ ऑक्टोबर २०२४ ची रात्र. फुटबॉलच्या 'बॅलन डी'ओर' म्हणजे 'सोनेरी चेंडू' पुरस्काराच्या सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम क्लब म्हणून रेआल माद्रिदचं नाव पुकारलं गेलं. सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांच्याच कार्लो अँचेलॉटींचं. घ्यायला कुणीच नव्हतं. आपला खेळाडू विनिसियस मुख्य पुरस्कार जिंकत नाही, असा सुगावा लागताच क्लबनं पॅरिसला जाणंच रद्द केलं होतं. सोनेरी चेंडू मिळाला मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो कुबड्या घेऊन मंचावर आला.

रुसव्याफुगव्यांच्या बातम्या पुढे बरेच दिवस चालल्या. खरी गंमत मात्र आकड्यांत होती. पुरस्कार देणाऱ्या नियतकालिकाचं संपादक मंडळ आधी तीस खेळाडूंची यादी काढतं. मग एका देशाचा एक, असे पत्रकार त्यातले दहा जण क्रमानं निवडतात. पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०; पुढे ८, ७, ५, ४, ३, २ आणि १. रॉड्रीचे ११७० गुण झाले, विनिसियसचे ११२९. शंभरातल्या नव्व्याण्णव मतपत्रिका आल्या आणि फरक ४१ गुणांचा! तिसरा आला जूड बेलिंगहॅम, चौथा दानी कार्वाहाल, दोघंही माद्रिदचे. म्हणजे माद्रिदच्या हंगामावर खूश असलेल्या पत्रकारासमोर तीन नावं होती, आणि त्यानं विनिसियसऐवजी बेलिंगहॅमला पहिलं लिहिलं की विनिसियसचे निदान तीन गुण गेलेच. रॉड्रीच्या संघातला हालांड पाचवा होता खरा, पण बराच मागे. कटकारस्थान शोधण्यापेक्षा हा हिशेब मला जास्त पटतो.

पत्रकारांनी मत देण्याची ही पद्धत १९५६ ची. 'फ्रान्स फुटबॉल' या साप्ताहिकानं ती सुरू केली. त्यामागे गॅब्रिएल आनो हे जुने खेळाडू आणि पत्रकार होते. त्याआधी दोन वर्षं वुल्व्हज या इंग्लिश क्लबनं हंगेरीच्या होनव्हेदला हरवलं आणि इंग्लिश वर्तमानपत्रांनी वुल्व्हजना जगज्जेते ठरवून टाकलं. आनोंनी 'लेकिप' या क्रीडा दैनिकातून विचारलं, मग युरोपभरच्या क्लबांची स्पर्धाच का घेऊ नये? त्यातून युरोपियन कप जन्मला. क्लबांची तुलना झाली, मग खेळाडूंची का नको, असा हा पुढचा टप्पा.

पहिल्या वर्षी सोळा पत्रकारांनी मत दिलं. जिंकले ब्लॅकपूलचे स्टॅनली मॅथ्यूज, वय ४१, गुण ४७. आल्फ्रेडो डी स्टेफानोला ४४ मिळाले. डी स्टेफानो त्याच वर्षी युरोपियन कप जिंकला होता. मॅथ्यूज यांचा संघ इंग्लंडच्या लीगमध्ये दुसरा आला होता. म्हणजे पहिलाच सोनेरी चेंडू वर्षभराच्या खेळापेक्षा एका दीर्घ कारकिर्दीला केलेला नमस्कार वाटतो. वाद तिथूनच सुरू झाले म्हणायला हरकत नाही.

खरा अन्याय मात्र पत्रकारांनी केलेला नाही, तो नियमानं केला. १९९४ पर्यंत पुरस्कार फक्त युरोपीय खेळाडूंना मिळे. पेलेनं तीन विश्वचषक जिंकले, पण त्याचं नाव एकाही मतपत्रिकेवर येऊ शकलं नाही. मॅराडोनानं युरोपात, इटलीत, नापोलीला दोनदा लीग जिंकून दिली. तोही बाहेर, कारण पारपत्र अर्जेंटिनाचं. आणि अर्जेंटिनातच जन्मलेले डी स्टेफानो व ओमार सिव्होरी यांनी स्पेन आणि इटलीचं नागरिकत्व घेतलं होतं म्हणून ते विजेते! १९९५ मध्ये युरोपातल्या क्लबकडून खेळणाऱ्या कुणालाही दार उघडलं, आणि पहिल्याच वर्षी एसी मिलानचा जॉर्ज वेआ जिंकला, जो पुढे लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. २००७ पासून सगळं जग आलं. २०१६ मध्ये 'फ्रान्स फुटबॉल'नं जुनी वर्षं नव्या नियमानं तपासली तेव्हा ३९ पैकी बारा निकाल बदलले. एकट्या पेलेच्या नावावर सात जमा झाले. कागदावरच, अर्थात.

मत पत्रकारांनीच का द्यावं? याचं बरंचसं उत्तर २०१० ते २०१५ या सहा वर्षांत मिळालं. तेव्हा हा पुरस्कार फिफाच्या पुरस्कारात मिसळला होता आणि देशोदेशीचे कर्णधार व प्रशिक्षकही मतदार झाले. २०१० मध्ये इंटर मिलानला तीन किताब मिळवून देणारा आणि नेदरलँड्ससह विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेला वेस्ली स्नायडर पत्रकारांच्या मतांत पहिला होता. एकूण बेरजेत तो चौथा गेला आणि मेस्सी जिंकला. २०१३ मध्ये पत्रकारांचा पहिला क्रमांक फ्रँक रिबेरीला होता. पण पुरेशी मतं आली नाहीत म्हणून मुदत दोन आठवडे वाढली. त्या दोन आठवड्यांत रोनाल्डोनं स्वीडनविरुद्ध तीन गोल केले, आणि शेवटी तोच विजेता ठरला. अर्जेंटिनाचा कर्णधार म्हणून मेस्सीनं त्या वर्षी इनिएस्ता, शावी आणि नेमार या आपल्याच बार्सिलोनातल्या तिघांना मत दिलं होतं. माणूस आहे, दोस्तांना मत देणारच. पण मग तो निवाडा राहत नाही.

पत्रकार धुतल्या तांदळासारखे असतात असं नाही. बचावपटू आणि गोलरक्षक त्यांच्याही नजरेतून निसटतात: इतक्या वर्षांत गोलरक्षक एकच, १९६३ चा लेव्ह याशिन. पण सोहळ्यानंतर कोणत्या देशाच्या पत्रकारानं कुणाला कितवं ठेवलं ते छापलं जातं. २०२४ मध्ये फिनलंडच्या प्रतिनिधीच्या दहा नावांत विनिसियस नव्हताच. ते नाव नजरचुकीनं राहिल्याचं त्यानं कबूल केलं आणि मतदारपद सोडलं. त्यानं पहिला क्रमांक दिला असता तरी १५ गुणांनी निकाल फिरला नसता. पण जाब द्यावा लागला.

२०२२ पासून नियम आणखी घट्ट झाले. कॅलेंडर वर्षाऐवजी हंगाम मोजायचा. आधी वैयक्तिक खेळ, मग संघाचं यश, मग खेळाडूचा दर्जा आणि खिलाडूपणा. कारकीर्द निकषातून गेली. आज मॅथ्यूज यांचं काय झालं असतं कोण जाणे. मतदारही घटले. २०१६ मध्ये १७३ पत्रकारांनी मत दिलं होतं. आता पुरुषांच्या पुरस्कारासाठी फिफा क्रमवारीतले पहिले शंभर देश, महिलांच्या पुरस्कारासाठी पहिले पन्नास.

फिफाच्या त्या सहा वर्षांत भारताच्या कर्णधाराला आणि प्रशिक्षकालाही मताचा हक्क होता. आता आपला पुरुषांचा संघ शंभराच्या बाहेर घसरलाय, महिलांचा पन्नासात नाही. त्यामुळे रॉड्री की विनिसियस यावर कोल्हापुरात आणि मडगावात कितीही भांडण झालं, तरी नियमाप्रमाणे त्या मोजणीत आपली मतपत्रिका नाही.