पाळण्यांतील भांडवल

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. नात्यांतील एखादा मुलगा परीक्षेंत वरच्या क्रमांकानें उत्तीर्ण झाला कीं ती म्हण आपल्या तोंडीं येते. आणि घरीं काम करणाऱ्या बाईचा मुलगा अभ्यासांत मागें पडला कीं 'खाण तशी माती' ही दुसरी म्हण पुढें होते. दोन्हींचा मथितार्थ एकच, कीं मनुष्याची योग्यता जन्मतःच ठरलेली असते. पुढें तींत फारशी भर पडत नाहीं. ही समजूत कितपत खरी आहे याचा शोध अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनीं अनेक वर्षें घेतला आहे. त्यांचे निष्कर्ष प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें विचारांत घ्यावे असे आहेत. म्हणून त्यांची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम 'मानवी भांडवल' या शब्दाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. जमीन, यंत्रें, सोनेंनाणें यांस भांडवल म्हणण्याची रीत जुनीच आहे. १९६० सालीं थिओडोर शुल्ट्झ यांनीं अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेंत अध्यक्षपदावरून असें प्रतिपादन केलें कीं, माणसाच्या अंगचें ज्ञान, कौशल्य व आरोग्य हेंही भांडवलच होय, आणि त्यावर केलेला खर्च ही गुंतवणूक समजली पाहिजे. १९६४ सालीं गॅरी बेकर यांनीं याच विषयावर ग्रंथ लिहिला. माणसास यंत्राच्या पंक्तीस बसविणारा हा शब्द पुष्कळांस बोचला. ग्रंथास तें नांव द्यावें कीं नाहीं, याविषयीं खुद्द बेकरही कांहीं काळ साशंक होते. विद्येला धन मानणाऱ्या आपल्या समाजास या कल्पनेचें नवल वाटूं नये. मात्र हें धन सांठतें केव्हां आणि कोणाच्या हातून, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला आहे.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. ज्या घरांत पुस्तकांचें कपाट आहे त्या घरांतील मुलगा पुढें चांगली मिळकत करतो, हें आपण नित्य पाहतों. परंतु याचें श्रेय शाळेचें, वडिलांच्या पगाराचें, आईच्या शिकवणीचें, कीं उपजत बुद्धीचें? या साऱ्या गोष्टी एकाच घरांत एकत्र नांदत असल्यामुळें त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडतां येत नाहीं. ज्या दोन गटांची तुलना करावयाची ते मुळांतच निराळे असतील, तर निष्कर्ष फसवा ठरतो. ही अडचण ओळखून तिच्यावर गणिती उपाय शोधल्याबद्दलच हेकमन यांस २००० सालचें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक, डॅनियल मॅकफॅडन यांजबरोबर, विभागून मिळालें.

पुढें त्यांचें लक्ष एका जुन्या प्रयोगाकडे वळलें. मिशिगन राज्यांतील इप्सिलांटी या गांवीं १९६२ ते १९६७ या काळांत डेव्हिड वायकार्ट व त्यांचे सहकारी यांनीं अत्यंत गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलें निवडलीं. मुलांचें वय तीन-चार वर्षांचें, आणि बुद्धिमापनाच्या कसोटींत सर्वांचे गुण कमीच. त्यांतील ५८ मुलांस पेरी शाळेंतील बालवर्गांत घेतलें. ६५ मुलांस घेतलें नाहीं. कोणास घ्यावयाचें हें बहुतांशीं नाणेफेकीसारख्या रीतीनें ठरविलें असल्यामुळें दोन्ही गट आरंभीं सारखेच होते. अर्थशास्त्रज्ञास हवी असलेली तुलना ती हीच.

त्या वर्गांत चालत असे तें अगदीं साधें होतें. रोज सकाळीं अडीच तास शाळा. आज काय करावयाचें हें मुलानें स्वतः सांगावें, तें करावें, आणि शेवटीं काय केलें व काय फसलें तें सर्वांस सांगावें. एका शिक्षिकेकडे पांच-सहाच मुलें असत. शिवाय ती शिक्षिका आठवड्यांतून एकदां मुलाच्या घरीं जाऊन दीड तास आई व मूल यांच्यासह बसत असे. बहुतेक मुलांस याचा लाभ दोन वर्षें मिळाला.

आरंभीं या मुलांचे बुद्धिमापनाचे गुण झपाट्यानें वाढले. परंतु कांहीं वर्षांतच ते दुसऱ्या गटाच्या पातळीवर आले. प्रयोग तेथेंच सोडून दिला असता तर सारा खर्च व्यर्थ गेला असेंच सर्वांनीं म्हटलें असतें. सुदैवानें संशोधकांनीं त्या मुलांचा माग सोडला नाहीं. वयाच्या चाळिसाव्या वर्षीं पाहणी केली तेव्हां, वर्षास २० हजार डॉलरांहून अधिक मिळविणारे लोक पहिल्या गटांत शेंकडा ६० व दुसऱ्यांत ४० निघाले. पांच किंवा अधिक वेळां अटक झालेल्यांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ३६, तर दुसऱ्यांत ५५ होतें. २०१० सालीं हेकमन व त्यांचे सहकारी यांनीं सर्व जमाखर्च मांडून दाखविलें कीं, या बालवर्गावर केलेला खर्च समाजाला दर सालीं शेंकडा ७ ते १० या दरानें परत मिळाला.

बुद्धीचे गुण तर टिकले नाहींत. मग टिकलें तें काय? हेकमन यांचें उत्तर असें कीं, हातीं घेतलेलें काम तडीस नेणें, राग आवरणें, इतरांशीं जुळवून घेणें, हे गुण टिकले. याला पुष्टि देणारा दुसरा पुरावा त्यांनीं एका परीक्षेच्या अभ्यासांतून मिळविला. शाळा अर्ध्यावर सोडलेल्यांस बाहेरून बसतां येईल अशी एक परीक्षा अमेरिकेंत आहे. महायुद्धाच्या काळांत, १९४२ सालीं, सैनिकांसाठीं ती सुरू झाली. ती उत्तीर्ण होणारे तरुण, कॉलेजांत न गेलेल्या शाळा-उत्तीर्ण तरुणांइतकेच हुशार ठरतात. असें असूनही त्यांची मिळकत बहुतांशीं शाळा सोडणाऱ्यांइतकीच राहते. प्रमाणपत्रानें ज्ञान सिद्ध होतें, चिकाटी होत नाहीं, हाच त्याचा अर्थ. गुणपत्रिकेकडे पाहूनच मुलाचें भवितव्य वर्तविणाऱ्या आपल्या घरांनीं याचा विचार करावा.

मग केवळ पैशानें हा फरक भरून निघेल काय? डेन्मार्क देशांत विद्यापीठाचें शिक्षण विनामूल्य आहे. इतकेंच नव्हे, तर विद्यार्थ्यांस निर्वाहवेतनही मिळतें. करांच्या योगानें श्रीमंत व गरीब यांच्या मिळकतींतील अंतरही पुष्कळ कमी केलेलें आहे. तथापि रासमुस लान्डर्स्यो यांच्यासह केलेल्या अभ्यासांत हेकमन यांस असें आढळलें कीं, शिकलेल्या आईबापांचीं मुलें अधिक शिकतात आणि न शिकलेल्यांचीं मागें राहतात, ही गोष्ट डेन्मार्कमध्यें जवळजवळ अमेरिकेइतकीच खरी आहे. उत्पन्नाचें महत्त्व नाहीं असें नव्हे. पोट रिकामें असतां धडा सुचत नाहीं. परंतु घरांत मुलाशीं कोण बोलतें, त्याच्या प्रश्नास कोण उत्तर देतें, या गोष्टी राज्याच्या तिजोरींतून वाटतां येत नाहींत.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. १२३ मुलांवरून साऱ्या जगाचा कायदा सांगतां येत नाहीं. टेनेसी राज्यांत सरकारनें मोठ्या प्रमाणावर बालवर्ग चालविले. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्या वर्गांतील मुलें सहावीपर्यंत इतरांच्या मागेंच पडलेलीं आढळलीं. फलक लावून वर्ग उघडल्यानें कार्यभाग होत नाहीं. मुलाकडे लक्ष देणारें माणूस तेथें असावें लागतें, असा आम्ही या दोन उदाहरणांचा अर्थ लावतों.

असें माणूस आपल्या एकत्र कुटुंबांत सहज मिळत आलें आहे. आजीची गोष्ट, आजोबांसह केलेलें पाढ्यांचें पाठांतर, काकूनें निवडावयास दिलेली शेंग, चुलत भावंडांतील भांडण व समेट, हें सारें त्या इप्सिलांटीच्या वर्गाहून फार निराळें नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांस लेखन-वाचनाचा लाभ झाला, त्या घरांत हें भांडवल न मोजतां, न मागतां मुलाच्या पदरीं पडत आलें आहे. आपण मात्र त्यास 'उपजत बुद्धि' असें नांव देऊन मोकळे झालों. वडिलोपार्जित वाडा हें आपलें स्वकष्टार्जित आहे असें कोणी म्हटलें, तर त्यास आपण हंसूं. परंतु बुद्धीच्या बाबतींत आपण नेमकें तेंच करीत आलों आहों.

आतां त्या दुसऱ्या म्हणीकडे वळूं. जी बाई सकाळीं आपल्याकडे भांडीं घासावयास येते, तिचेंही तीन वर्षांचें मूल असतें. त्याच्याशीं बोलत बसण्याची सकाळची घटका ती आपल्या घरांत खर्च करते, आणि त्या मोकळ्या झालेल्या वेळांत आपल्या घरांतील आई स्वतःच्या मुलास चित्रांचें पुस्तक दाखविते. पुढें तींच दोन मुलें एका इयत्तेंत बसलीं व एक मागें पडलें, तर दोष मातीचा म्हणावा कीं वांटणीचा?

या वांटणीची जाणीव महाराष्ट्रांतील दोन स्त्रियांस फार लवकर झाली होती. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनेंच त्यांच्या अंगणांत जावें, या विचारांतून त्यांची अंगणवाडी जन्मास आली. १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांस हेंच नांव मिळालें.

अंगणवाडींत शिकविणाऱ्या बाईस आपण शिक्षिकेचा मान देतों काय, आणि आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईचें मूल तिच्या कामाच्या वेळीं कोठें व कोणाजवळ असतें याची चौकशी आपण कधीं केली आहे काय, हे दोन प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःस विचारावे. मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात हें खरेंच; पण पाळण्याची दोरी कोणाच्या तरी हातांत असावी लागते, आणि त्या हातास सवड असावी लागते.