महागाची डिस्क लांब जाते का हो?

पुण्याहून अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला एमएस करायला आलेला एक मुलगा मागच्या मे महिन्यात आमच्याबरोबर डिस्क गोल्फ खेळायला आला. पहिलाच दिवस. तिसऱ्या बास्केटपाशी पोचेपर्यंत त्याचा फोन बाहेर आलेला. "ताई, ही घेऊ का? वर्ल्ड चॅम्पियन हीच वापरतो." फोनवर वीस डॉलरची, चमचमत्या शिक्क्याची, बारा स्पीडची ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, होती. मी म्हटलं, "अरे, आधी हातातली तरी सरळ टाक." तो हसला, आणि त्याच रात्री त्यानं ती मागवली. सोबत आणखी चार.

त्याला हसायचा मला हक्क नाही. नऊ वर्षांपूर्वी मीही खेळ शिकायच्या आधी खरेदी शिकले. आमच्या कपाटात आजही एक खोकं आहे. त्यातल्या डिस्क मोजायच्या नाहीत असा घरातला अलिखित करार आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: गोल्फच, पण काठी-चेंडूच्या जागी प्लॅस्टिकची चकती आणि भोकाच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत चकती बास्केटमध्ये पडली पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी १९७५ साली पहिला कायमचा कोर्स मांडला. साखळ्यांच्या बास्केटचं पेटंटही त्यांचंच. २००२ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. ज्या खेळाच्या मूळपुरुषानं स्वतःचीच डिस्क करून घेतली, त्या खेळातली माणसं सामानावर जीव टाकणारच. हरकत जीव टाकण्याला नाही. त्यापायी जे समज पसरतात त्यांना आहे.

"स्पीड जास्त, म्हणजे डिस्क लांब जाणार"

हा सगळ्यात महागात पडणारा समज, म्हणून इथे जरा थांबू.

डिस्कला चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. इनोव्हा कंपनीची लेपर्ड घ्या: ६, ५, –२, १. त्याच कंपनीची डिस्ट्रॉयर: १२, ५, –१, ३. दुकानात उभा असलेला नवखा माणूस पहिलाच आकडा वाचतो आणि सहापेक्षा बारा दुप्पट, असा हिशेब मांडून मोकळा होतो. पण तो आकडा डिस्क किती जोरात जाईल हे सांगतच नाही. तुम्ही ती किती जोरात फेकलीत तर ती ठरल्यासारखी उडेल, ते सांगतो. म्हणजे दुकानदार जो गुण म्हणून दाखवतो, तो खरं तर तुमच्या हातानं भरायचा हप्ता असतो.

डिस्क उलटी करून कडेच्या आतल्या बाजूला बोट टेकवा. पुटरची, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायच्या डिस्कची, कड साधारण एक सेंटीमीटर जाड लागते, तिच्यात बोट आरामात बसतं. डिस्टन्स ड्रायव्हरची कड दोन सेंटीमीटरच्या वर असते. बोटं ताणावी लागतात. नियमानं ती २.६ सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते. ही रुंद, पात्यासारखी उतरती कड हवा कापते, म्हणून वेगात फेकली तर डिस्क लांब जाते. वेग आणि फिरक नसेल तर मात्र तीच कड अंगाशी येते.

उजव्या हातानं बॅकहँड फेकलेली बहुतेक कुठलीही डिस्क वेग ओसरला की शेवटी डावीकडे वळून खाली येते. त्या वळण्याला फेड म्हणतात. आता बारा स्पीडची डिस्क माझ्यासारखीच्या हातातून निघते तीच मुळी ओसरलेल्या वेगानं. मग तिचं उड्डाण शेवटापासूनच सुरू होतं: निघाली, डावीकडे कलली, झुडपात गेली. शाळेच्या रिकाम्या फुटबॉल मैदानावर मी एकदा पावलं मोजून पाहिली. प्रत्येक डिस्क पाचपाच वेळा टाकली. ड्रायव्हर डावीकडच्या कुंपणाकडे, लेपर्ड तिच्या दहा-बारा पावलं पुढे आणि सरळ. सगळ्यात स्वस्त पुटर ड्रायव्हरच्या जेमतेम चार पावलं मागे. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी गाणीही लावली नाहीत.

आणखी एक. हे आकडे कंपन्या स्वतःच ठरवतात. प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, म्हणजे पीडीजीए, डिस्कला मान्यता देते ती व्यास, कड, वजन असली मापं तपासून. उड्डाणाचे आकडे ती तपासत नाही. त्यामुळे एका कंपनीचा नऊ दुसऱ्या कंपनीच्या नवाशी जुळेलच असं नाही.

लांब फेकीचा जागतिक विक्रम ३३८ मीटरचा आहे. डेव्हिड विगिन्स ज्युनियरनं तो २०१६ साली नेव्हाडाच्या वाळवंटात केला, पाठीमागून सणसणीत वारा असताना. तो वारा कुठल्याच ऑर्डरसोबत येत नाही.

"मी फक्त अमुकच कंपनीची वापरतो"

मी नोव्हायला राहते. शेजारच्या विक्सममध्ये डिस्क्राफ्ट या डिस्कच्या कंपनीचं मुख्यालय आहे आणि उत्तरेला मार्लेटला एमव्हीपीचा कारखाना. त्यामुळे मिशिगनमध्ये कंपनीचा अभिमान हा थोडा गावचा अभिमान असतो. कुणी कॅलिफोर्नियाच्या इनोव्हाची डिस्क काढली की "काय हो, बाहेरचं?" अशी थट्टा होते. तेवढी थट्टा मलाही आवडते. पण काहीजण हे खरंच मनावर घेतात, आणि हातात नीट बसणारा पुटर शिक्का चुकीचा म्हणून सोडून देतात.

त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली कारखान्याची. लॅटिट्यूड ६४ ही स्वीडनची कंपनी. अमेरिकेतली डायनॅमिक डिस्क्स आणि फिनलंडची वेस्टसाइड यांच्या डिस्क वर्षानुवर्षं तिच्याच स्वीडनमधल्या कारखान्यात ओतल्या गेल्या. मिलेनियमच्या डिस्क इनोव्हा बनवते. एमव्हीपी आणि ॲक्सिअम ही एकाच घरातली भावंडं; काळी कड असली तर एमव्हीपी, रंगीत असली तर ॲक्सिअम. म्हणजे जेव्हा दोन कट्टर पक्षांची माणसं एकमेकांशी भांडत असतात, तेव्हा दोघांच्या हातातल्या डिस्क एकाच यंत्रातून पडलेल्या असू शकतात.

दुसरी गोष्ट पॉल मॅकबेथची. २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षं तो इनोव्हाच्या डिस्क घेऊन जगज्जेता झाला. २०१८ च्या अखेरीला त्यानं ती कंपनी सोडली आणि डिस्क्राफ्टशी करार केला. इतक्या वर्षांची सवयीची पिशवी रिकामी करून नवी भरली. आता हा संपला, असं म्हणणारे आमच्याकडेही होते. २०१९ साली पिओरियाला तो पुन्हा जगज्जेता झाला, आणि २०२२ ला एम्पोरियात सहाव्यांदा. मध्ये २०२१ साली डिस्क्राफ्टनं त्याच्याशी दहा वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार केला होता. म्हणजे त्याच्या पिशवीत काय आहे, हे त्याचा करार सांगतो. तुमच्या पिशवीत काय असावं याचा त्यातून काही पत्ता लागत नाही.

आपल्याला हे नवं नाही. नव्वदच्या दशकात आमच्या वाड्यातल्या प्रत्येक पोराच्या बॅटवर एमआरएफचा स्टिकर होता, कारण तो तेंडुलकरच्या बॅटवर होता. एमआरएफ ही टायरची कंपनी. स्टिकरनं कुणाचा कव्हर ड्राइव्ह सुधारला नाही, पण बॅट हातात घेताना छाती फुगायची, आणि दहाव्या वर्षी तेवढं पुरायचं. आवडत्या खेळाडूच्या सहीची डिस्क घ्यायची असेल तर अवश्य घ्या. अशा अनेक डिस्कच्या विक्रीतला वाटा त्या खेळाडूला मिळतो. फक्त ती चार मीटर जास्त लांब जाईल म्हणून घेऊ नका.

"भारी प्लॅस्टिक, तीच चांगली डिस्क"

एकाच साच्याची डिस्क साध्या प्लॅस्टिकमध्ये दहा डॉलरच्या आसपास मिळते, भारी प्लॅस्टिकमध्ये अठरा-वीसला. फरक मुख्यतः टिकाऊपणाचा. साधं प्लॅस्टिक झाडांवर आपटून लवकर झिजतं, आणि झिजलेली डिस्क हळूहळू जास्त उजवीकडे जायला लागते. याला लोक दोष समजतात. जुने खेळाडू मात्र अशी मुरलेली डिस्क जपून ठेवतात. एकाच साच्याच्या तीन डिस्क, एक कोरी, एक अर्धी झिजलेली, एक पार चेपलेली, पिशवीत असल्या तर तीन वेगवेगळ्या वाटा हाताशी असतात. लोणच्यासारखं आहे ते. कोरी फोड आणि मुरलेली फोड, दोन्हींची चव हवी. एवढं मात्र पाहा की डिस्कला तडा गेला तर ती स्पर्धेत चालत नाही.

आणि पुट करायला तर कितीतरी व्यावसायिक खेळाडू साधंच प्लॅस्टिक पसंत करतात, कारण ते बोटांना चिकटून राहतं.

"जड डिस्कच खरी"

नाही. व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे ८.३ ग्रॅम ही नियमाची कमाल मर्यादा आहे, म्हणून साधारण २१ सेंटीमीटरच्या नेहमीच्या डिस्कला १७५ ग्रॅमचा आकडा चिकटलेला दिसतो. ती मर्यादा आहे, अट नव्हे. माझ्या मुलीला १५० ग्रॅमची दिली त्या दिवसापासून तिची फेक लांबली. समोरून वारा असला की जड बरी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

"पिशवीत जितक्या जास्त, तितकं बरं"

गोल्फच्या पिशवीत चौदाच काठ्या चालतात. डिस्क गोल्फमध्ये अशी मर्यादा नाही, आणि गोची तिथेच होते. मोठ्या स्पर्धांतली मंडळी वीस-पंचवीस डिस्क बाळगतात, पण त्यांना प्रत्येकीचा स्वभाव पाठ असतो. नवख्याच्या पिशवीत पंचवीस अनोळखी डिस्क असल्या, की प्रत्येक वाईट फेकीनंतर दोष द्यायला चोवीस दुसऱ्या उरतात. अंगण वाकडं म्हणण्याचीही सोय आहेच. आमच्या खेळात ते खरोखरच वाकडं असतं, उतार, ओक आणि ओढ्यांसकट.

बहुतेक वेळा गडबड असते डिस्कच्या नाकात. फेकताना पुढची कड वर उठलेली असली की डिस्क आधी चढते, मग हवेत थबकते आणि डावीकडे कोसळते. हे कुठल्याही कंपनीच्या डिस्कचं होतं. फोन झाडाला टेकवून स्वतःचा बाजूनं व्हिडिओ काढा, नाक दिसतं. मी माझा पाहिला तेव्हा आणखी एक दिसलं: सगळा जोर खांद्यातून, आणि कंबर देवळातल्या खांबासारखी स्थिर. तो जोर पायातून आणि कमरेतून यावा लागतो. हे समजायला मला दोन वर्षं आणि एक दुखरा खांदा लागला.

शिवाय साधा हिशेब करा. अठरा बास्केटच्या फेरीत नवख्याला समजा सत्तर फेकी लागल्या. एखादी नशिबाची लांबून गेली ती सोडली, तर त्यातल्या अठरा तरी जवळून साखळीत घालायच्या. ड्रायव्हर फार तर तितक्याच वेळा बाहेर येणार, आणि आखूड कोर्सवर तेवढीही नाही. तरीही खोक्यातल्या आमच्या डिस्क पाहिल्या तर दहात आठ ड्रायव्हर.

२०२१ साली युटातल्या ऑग्डेनला जागतिक स्पर्धेच्या शेवटच्या बास्केटवर जेम्स कॉनरॅड एका फेकीनं मागे होता, आणि पुढे होता साक्षात मॅकबेथ. कॉनरॅडनं २४७ फुटांवरून, म्हणजे सुमारे पंचाहत्तर मीटरवरून, डिस्क थेट साखळीत घातली, बरोबरी केली आणि प्लेऑफमध्ये विजेतेपद घेतलं. त्याच्या हातात होती एन्व्ही. तीन स्पीडचा पुटर.

"मग सामानाला काही अर्थच नाही, सगळं हातात असतं"

हा उलट्या बाजूचा गैरसमज, आणि तो बहुधा अशी माणसं सांगतात ज्यांच्या घरी आधीच एक खोकं आहे. अर्थ आहे. उद्यानात मुलं खेळतात ती बोथट कडेची फ्रिसबी घेऊन आलात तर ती पुढे जाणारच नाही. १९८३ साली इनोव्हाच्या ईगलला उतरती कड आली आणि खेळ बदलला तो उगाच नाही. पुटर हातात बसतो की नाही, यानं खरोखर फरक पडतो. काहींना कडेखाली छोटा गोल मणी लागतो, काहींना तो बोचतो. थंडीत काही प्लॅस्टिक दगडासारखी होतात, तेव्हा मऊ डिस्क हवी. आणि जिथून पहिली फेक टाकतात त्या सिमेंटच्या ओल्या टी-पॅडवर न घसरणारे बूट. डिस्कवर घालवलेले पैसे मी बुटांवर आधी घालवले असते, तर माझ्या गुडघ्यानं आभार मानले असते.

त्या पुण्याच्या मुलाला मी शेवटी जे सांगितलं ते इथेही लिहिते. एक पुटर, एक मधल्या अंतराची मिडरेंज, एक सहा-सात स्पीडची फेअरवे ड्रायव्हर, तिन्ही साध्या प्लॅस्टिकमध्ये. कुठल्याही कंपनीच्या. दुकानात जाऊन हातात धरून घ्या. तोच पुटर आणखी दोन घेतलेत तर अंगणात सराव करता येईल. जुन्या, वापरलेल्या मिळाल्या तर आणखी बरं. पूर्ण उन्हाळा तेवढ्यावर काढा.

आणि डिस्कच्या पाठीवर मार्करनं फोन नंबर लिहा. हरवलेली डिस्क सापडली की इथे लोक फोन करतात. माझ्या दोन तशा परत आल्या. पहिली बारा स्पीडची आली नाही. तिच्यावर नंबर नव्हता. हडसन मिल्सच्या कोर्सवर, ह्युरॉन नदीच्या बाजूला, कुणाला पिवळी ड्रायव्हर सापडली तर ती माझी आहे. परत करायची गरज नाही.