टेलिफोनवरचा नेता, पोरकी झालेली चळवळ

कराचीच्या अझिझाबाद वस्तीतील एका घराला लोक 'नाइन झिरो' म्हणत. त्या घराच्या टेलिफोनच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून पडलेले हे नाव. तेथून हुकूम सुटला की कराची बंद होत असे. घरमालक मात्र १९९२ पासून लंडनला. मैदानात हजारो माणसे शिस्तीत जमिनीवर बसत आणि लाऊडस्पीकरला जोडलेल्या टेलिफोनवरून साहेबांचे भाषण तासन्‌तास ऐकत. हे साहेब म्हणजे अल्ताफ हुसेन.

१७ सप्टेंबर १९५३ रोजी कराचीत जन्मलेल्या अल्ताफ यांचे आईवडील मूळचे आग्र्याचे. फाळणीत भारतातून गेलेल्या अशा उर्दूभाषकांना तिकडे 'मोहाजिर' म्हणतात. १९४१ साली साडेचार लाखांच्या आतले कराची १९५१ च्या जनगणनेत दहा लाखांवर गेले. जाता जाता एक गोष्ट आमच्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. याच कराचीतून भारतात येऊ पाहणाऱ्या अस्पृश्य सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडवून ठेवले गेले आणि बाबासाहेबांना डिसेंबर १९४७ मध्ये त्यासाठी नेहरूंना पत्र लिहावे लागले. घर सोडण्याचा हक्कसुद्धा जात पाहून मिळतो, तो असा!

मोहाजिर शिकलेले होते, सरकारी नोकऱ्यांत पुढे होते. पुढे राजधानी कराचीतून हलली. १९७२ मध्ये सिंधी भाषेच्या कायद्यावरून दंगली झाल्या. १९७३ च्या राज्यघटनेनंतरच्या कोट्यात केंद्रीय नोकऱ्यांतील ११.४ टक्के वाटा ग्रामीण सिंधला आणि ७.६ टक्के शहरी सिंधला आला. मोहाजिर तरुण पेटला तो येथे. 'गुणवत्तेवर अन्याय' ही त्याची तक्रार आम्हाला फार ओळखीची वाटते. ज्या सिंधी कुळाच्या घरात कधी पाटी-पेन्सिल आली नव्हती, त्याच्या पोरासाठी हाच कोटा पहिला दरवाजा होता. पण म्हणून मोहाजिरांचे दुःख खोटे ठरत नाही. तिसऱ्या पिढीलाही 'बाहेरचे' म्हणून हिणवले जात असेल, तर माणूस संघटित होणारच.

११ जून १९७८ रोजी कराची विद्यापीठात अल्ताफ यांनी मोहाजिर विद्यार्थी संघटना काढली. १८ मार्च १९८४ रोजी पक्ष काढला, मोहाजिर कौमी मूव्हमेंट. मधल्या काळात त्यांनी तुरुंग पाहिला, शिकागोत टॅक्सीही चालवली. १९८७ मध्ये कराची आणि हैदराबादच्या नगरपालिका हाती आल्या, १९८८ मध्ये संसदेत १३ जागा. वडेरे आणि जमीनदारांनी भरलेल्या त्या सभागृहात शहरी मध्यमवर्गाची पोरे जाऊन बसली. हे श्रेय कुणी नाकारू नये.

मग घात कुठे झाला? पक्षाची एक घोषणा होती. तिचा अर्थ असा, की आम्हाला मुक्काम नको, वाटाड्या हवा! कार्यकर्ते समाजाशी नव्हे, अल्ताफ यांच्याशी निष्ठेची शपथ घेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते असे बजावले होते. कराचीने ते खरे करून दाखवले. आमच्याकडेही फोटोपुढे हात जोडणारे गट काही कमी नाहीत. असो.

जून १९९२ मध्ये लष्कर रस्त्यावर उतरले. नेता आधीच लंडनला पोहोचला होता, कोठडीत आणि चकमकीत मेली ती वस्तीतली पोरे. पक्षाच्या लोकांवरही खंडणी आणि खुनांचे आरोप झाले. १९९७ मध्ये 'मोहाजिर'चे 'मुत्ताहिदा' झाले, रीत बदलली नाही. १२ मे २००७ रोजी एका दिवसात कराचीत चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. २०१० मध्ये पक्षाचे एक संस्थापक इम्रान फारूक यांचा लंडनच्या रस्त्यावर खून झाला.

शेवटी टेलिफोननेच घात केला. २२ ऑगस्ट २०१६ च्या भाषणात अल्ताफ यांनी पाकिस्तानविरोधी घोषणा दिल्या. दंगल झाली, 'नाइन झिरो'ला टाळे लागले आणि दुसऱ्याच दिवशी फारूक सत्तार यांनी कराचीचा पक्ष लंडनपासून तोडला. त्याच भाषणावरून लंडनमध्ये भरलेल्या खटल्यातून फेब्रुवारी २०२२ मध्ये अल्ताफ निर्दोष सुटले. पण ऐकायला मैदान उरले नव्हते.

२००४ मध्ये दिल्लीत येऊन फाळणी ही घोडचूक होती असे ते बोलून गेले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी भारताकडे आश्रय मागितला. आपले आजी-आजोबा तिकडच्या मातीत पुरले आहेत, त्यांच्या कबरींवर जायचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आश्रय मिळाला नाही.