बटण मशरूमचं खानदान: आधी छत्री उलटी करा

पाऊस सुरू झाला की सोसायटीच्या हिरवळीवर पांढऱ्या छत्र्या उगवतात आणि ग्रुपवर फोटो येतो, "हे खाता येतं का?" आजचा भाग या प्रश्नावर आणि एका कुळावर आहे. कुळाचं नाव अगॅरिकेसी.

नाव अनोळखी वाटलं तरी यातलं एक मशरूम तुम्ही नक्की खाल्लंय. पिझ्झावरचं बटण मशरूम, म्हणजे अगॅरिकस बायस्पोरस, याच कुळातलं. बटण, तपकिरी क्रेमिनी आणि मोठं पोर्टोबेलो ही तिन्ही एकच जात आहे बरं का! पोर्टोबेलो म्हणजे पूर्ण उमललेलं मशरूम, इतकंच.

आता ओळखायचं कसं? मशरूम उलटं करा. खाली पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या दिसतील, त्या गिल्स. या कुळात बहुतेकदा गिल्स देठाला चिकटत नाहीत, मध्ये बारीक फट राहते. देठावर अनेकदा बांगडीसारखं कडं असतं. मशरूम खुडू नका, मुळापासून उकरा. देठाच्या तळाशी फाटक्या पिशवीसारखं काही दिसलं तर सावध व्हा. ती अमॅनिटाची खूण असू शकते. ते कूळ वेगळं आणि त्यातल्या काही जाती जीवघेण्या.

पुढची पायरी म्हणजे बीजाणूंचा ठसा, स्पोअर प्रिंट. देठ कापा, छत्री गिल्स खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर सोडा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. अगॅरिकसचा ठसा चॉकलेटी येतो, लेपिओटाचा पांढरा, कोप्रिनस कोमाटसचा काळा. आणि क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा चक्क हिरवट!

हा हिरवट ठसेवाला हिरवळीवरचा नेहमीचा पाहुणा. मोठा, पांढरा, देखणा. कोवळा असताना गिल्सही पांढऱ्याच असतात, म्हणून लोक फसतात. खाल्ला तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. लेपिओटाच्या काही छोट्या जाती त्याहून वाईट. त्यांच्यात अमाटॉक्सिन असतं. सहा तास किंवा जास्त वेळ काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटतं, आणि तोपर्यंत आत लिव्हरचं नुकसान चालू असतं. हे विष उकळून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, किडे खातात का, या परीक्षाही बिनकामाच्या.

म्हणजे बघा, एकाच कुळात जेवण पण आहे आणि मरण पण. "बटणसारखंच दिसतंय" याला काही अर्थ नाही.

"पण अॅप आहे ना?" मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून सांगतो. अॅप ९०% दाखवतं तेव्हा ते एवढंच म्हणतं की हा फोटो मी शिकलेल्या अमुक फोटोंशी जुळतोय. खायला सुरक्षित असण्याची ती टक्केवारी नाही. तुम्ही फोटो वरून काढलात तर गिल्स, देठाचा तळ आणि ठशाचा रंग अॅपपर्यंत पोचलेच नाहीत. जी माहिती इनपुटमध्येच नाही, ती आउटपुटमध्ये कुठून येणार?

आणि कोकण-गोव्यातली वारुळावरची अळंबी? ती टर्मिटोमायसिस, कूळच निराळं. ती ओळखणाऱ्यांना जागा, वारूळ, मोसम, देठाचं जमिनीत खोल गेलेलं मूळ, सगळं ठाऊक असतं. ती नजर वर्षानुवर्षांची आहे. फोटोत ती येत नाही.

तेव्हा रानातलं किंवा हिरवळीवरचं मशरूम जरूर बघा, हात लावा (हाताळल्याने विष चढत नाही, नंतर हात धुवा), ठसा काढा. पण जाणकाराने प्रत्यक्ष हातात घेऊन पारखल्याशिवाय खाऊ नका. कुणी खाल्लंच असेल तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा, उरलेला तुकडा सोबत न्या.

सुरुवात बाजारातल्या मशरूमपासून करा. ज्याच्या गिल्स उघड्या दिसतात असं उमललेलं एक निवडा आणि आज रात्री वाटीखाली ठेवा. सकाळी चॉकलेटी नक्षी दिसली की फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात!