भिलाईचा समुद्रकिनारा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशरमध्ये, स्टेथ्स नावाचं एक चिमुकलं कोळ्यांचं गाव आहे. दोन उंच कड्यांच्या बेचक्यात दाटीने बसलेली लाल कौलांची घरं, मधून एक ओढा, ओढ्याच्या तोंडाशी होड्या. १७४५ साली जेम्स कुक नावाचा पोरगा इथल्या एका दुकानात नोकरीला लागला. दाराशी समुद्र असताना त्याचं मन गल्ल्यावर कसं रमणार? दीडेक वर्षात तो जवळच्या व्हिटबी बंदरात गेला, खलाशी झाला आणि पुढे पॅसिफिकचे नकाशे काढत हिंडला. ते दुकान नंतर समुद्राने गिळलं.

लोक कुकसाठी स्टेथ्सला जातात. मला विचाराल तर तिथलं खरं नवल ओहोटीला दिसतं. पाणी हटलं की किनाऱ्यावर गंजल्यासारखे तांबूस दगडी थर उघडे पडतात. ते लोहखनिज आहे, अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेलं. एकोणिसाव्या शतकात या पट्ट्यातल्या खनिजावर मिडल्सब्रोच्या भट्ट्या पेटल्या आणि एका किरकोळ वस्तीचं पोलादी शहर झालं. सिडनीच्या हार्बर पुलाचं बहुतेक पोलाद तिथूनच गेलं.

समुद्राच्या तळाचा दगड, मग भट्टी, मग शहर. भिलाईची कुंडली यापेक्षा फार वेगळी नाही. फरक इतकाच की आपला समुद्र निघून गेला आहे. आज भिलाई समुद्रसपाटीपासून जवळपास ३०० मीटर उंचीवर आहे आणि सगळ्यात जवळचा किनारा गाठायचा तरी सरळ रेषेत चारशेवर किलोमीटर जावं लागतं.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. सोव्हिएत मदत, पंचवार्षिक योजना, ही गोष्ट आपल्याला पाठ असते. भट्टीला काय खायला घालतात, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. लोहखनिज, कोक आणि चुनखडी. चुनखडी इथून वीसेक किलोमीटरवरच्या नंदिनीच्या खाणीतली. तिचं काम सफाईचं. भट्टीत तापून तिचा चुना होतो, तो खनिजातली वाळू आणि माती पकडतो आणि त्यांचा वितळलेला मळ, म्हणजे स्लॅग, लोखंडाच्या रसावर तरंगू लागतो. तो काढून घेतला की खाली लोखंड उरतं.

ही चुनखडी साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वी एका उथळ, उबदार समुद्रात तयार झाली. त्या वेळी आजच्या रायपूर, दुर्ग, बिलासपूरच्या मैदानावर पाणी होतं. पुरावा दगडातच आहे. या भागातल्या चुनखडीचा काही ठिकाणचा तुकडा उभा कापून पाहिला तर कांदा चिरल्यासारख्या एकावर एक घुमटाकार रेघा दिसतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जीवांची बुळबुळीत साय समुद्रतळावर पसरे, तिच्यावर गाळ बसे, मग जीव उजेडासाठी पुन्हा वर सरकत. पुन्हा साय, पुन्हा गाळ. त्यांना ऊन लागत असे, म्हणजे पाणी खोल नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे उपसागरात असे घुमट आजही वाढत आहेत.

या दगडात शंख शोधू नका, मासा तर नाहीच. तेव्हा शिंपला असलेला प्राणीच जन्माला यायचा होता. व्हिटबीच्या कड्यांत अमोनाइट या शंखधारी समुद्री प्राण्यांचे वेटोळे सापडतात. संत हिल्डाने सापांचे दगड केले अशी तिथली दंतकथा, आणि दुकानदार त्या वेटोळ्यांना सापाचं डोकं कोरून विकत. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्रामही मुळात अमोनाइटच. पण नंदिनीच्या दगडापुढे ही सगळी कालची पोरं.

भिलाईच्या भट्टीत पडणारं दल्ली-राजहराच्या खाणीतलं लोहखनिज तर आणखी जुनं, दोनशे कोटी वर्षांच्याही पलीकडचं. तेव्हाच्या समुद्रात लोह विरघळलेलं होतं, कारण पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हता. शास्त्रज्ञांच्या प्रचलित मांडणीनुसार सायनोबॅक्टेरियांसारख्या जीवांनी उन्हाच्या बळावर प्राणवायू सोडायला सुरुवात केली, तसं ते लोह गंजून थराथरांनी तळाशी बसलं. म्हणजे खनिज आणि चुनखडी, दोन्हींमागे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा हात. भट्टीच्या तीन घासांपैकी दोन समुद्राचे, ज्याचा कोक होतो तो कोळसा तेवढा जंगलाचा. आणि चुनखडीचा चुना होताना जो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तो शंभर कोटी वर्षांपूर्वी त्या पाण्याने बांधून ठेवलेला असतो. चिमणीच्या धुरातही थोडा समुद्र आहे!

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हेवा करू नये. स्वयंपाकघरातली शहाबादी फरशीसुद्धा कर्नाटकातल्या अशाच एका पुरातन समुद्राचा तळ आहे.

छत्तीसगडात समुद्र त्यानंतरही एकदा येऊन गेला. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी हिमयुग ओसरलं, बर्फ वितळून पाणी चढलं आणि त्याची एक जीभ आतवर शिरली. तिच्या खुणा राज्याच्या उत्तर भागात, मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या खडकांत आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ही जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केली आहे. इथे मात्र शिंपले आहेत, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. नंदिनी आणि दल्लीच्या चालू खाणींत वाटेल तेव्हा शिरता येत नाही, तेव्हा छत्तीसगडचा समुद्र बघायचाच असेल तर मनेंद्रगडचं तिकीट काढावं. नदीला पाणी कमी असेल तेव्हा जावं, आणि शिंपला खिशात घालून आणू नये.