जुन्या सोडियम फिटिंगचे सुटे भाग

कारखान्यांची आवारे, गोदामे, मंगल कार्यालये आणि मोठ्या सोसायट्यांचे अंतर्गत रस्ते येथे सोडियम व्हेपर आणि मेटल हॅलाइडच्या जुन्या फिटिंग अजून बऱ्याच दिसतात. सार्वजनिक रस्त्यांवर त्यांची संख्या झपाट्याने कमी झाली. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात देशभर एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसले. मोठा गिऱ्हाईकच हटल्यावर दुकानदारही जुन्या दिव्यांचे सामान भरून ठेवीनासे झाले. खासगी आवारातल्या फिटिंगची अडचण सुरू झाली ती इथून. दिव्याचे धड शाबूत असते, पण चोक जळतो किंवा काच फुटते, आणि ‘हे आता मिळत नाही’ असे उत्तर मिळते.

या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नये. फिटिंगचे मॉडेल बंद झाले म्हणून तिच्यातले विजेचे भाग बंद होत नाहीत. दिवा, चोक, इग्नायटर, कंडेन्सर आणि होल्डर हे पाचही भाग ठरावीक मानकांनुसार बनतात. एका कंपनीच्या फिटिंगमध्ये दुसऱ्या कंपनीचा चोक खुशाल चालतो, फक्त आकडे जुळावे लागतात.

सोडियमचा दिवा पेटला की स्वतःहून प्रवाह आवरू शकत नाही. ते काम चोक करतो. दिवा पेटवण्यासाठी काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका लागतो, तो इग्नायटर देतो. कंडेन्सरचा उजेडाशी थेट संबंध नाही. तो पॉवर फॅक्टर सुधारतो, त्यामुळे तो निकामी झाला तरी दिवा पूर्वीसारखाच जळतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. मात्र २५० वॉटचा जो दिवा कंडेन्सरसह साधारण दीड अँपिअरच्या आत घेतो, तोच मग लाइनवरून तीन अँपिअर ओढू लागतो. एका ओळीत वीस दिवे असतील तर केबल का तापते आणि एमसीबी का पडतो, याचा उलगडा इथे होतो.

सामान आणायला निघण्यापूर्वी नेमके काय बिघडले ते पाहणे स्वस्त पडते. सोडियमचा दिवा पेटतो, काही मिनिटांनी आपोआप विझतो, थंड झाला की पुन्हा पेटतो आणि रात्रभर हेच चालू राहते, तेव्हा बहुतेक वेळा दोष दिव्यातच असतो. वय झाले की दिव्याची व्होल्टेजची गरज वाढत जाते आणि चोक ती पुरवू शकत नाही. अशा वेळी चोक बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. इग्नायटरची टिकटिक किंवा गुणगुण ऐकू येते पण उजेड नाही, तर आधी नवा दिवा लावून पाहावा. वीज येत असून आवाजच नसेल तर संशय इग्नायटरवर जातो. नवा दिवा लावताच फुकट गेला तर चोक आतून शॉर्ट झालेला असू शकतो, आणि त्याच चोकवर तिसरा दिवा चढवण्यात शहाणपण नाही.

चोकवरची पट्टी नीट वाचली की निम्मे काम होते. नुसते ‘२५० वॉटचा चोक द्या’ म्हणणे पुरेसे नाही. २५० वॉटच्या सोडियम दिव्याला ३ अँपिअरचा चोक लागतो, तर तेवढ्याच वॉटच्या मर्क्युरी दिव्याला सुमारे २.१५ अँपिअरचा. मर्क्युरीच्या चोकवर सोडियमचा दिवा लावला तर उजेड मंद पडतो. मेटल हॅलाइडमध्ये तर दोन्ही प्रकारचे दिवे निघाले आहेत, त्यामुळे तिथे दिव्यावरचा अँपिअरचा आकडा पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. बाजारात मोठ्या फोकसला सरसकट ‘हॅलोजन’ म्हणण्याची पद्धत आहे. पण खऱ्या हॅलोजनला चोक नसतोच, म्हणून दुकानात तो शब्द टाळलेला बरा. पट्टीवर ‘टीडब्ल्यू १३०’ असेही लिहिलेले असते. आतल्या तारेचे तापमान १३० अंश राहिले तर चोक सलग दहा वर्षे चालावा, असा त्याचा अर्थ.

इग्नायटर दोन प्रकारचे असतात. एक दिव्याच्या वाटेतच जोडला जातो. दुसरा चोकच्या मधल्या टॅपवरून झटका तयार करतो, म्हणून त्याला टॅपवाला, जुळणारा चोकच लागतो. यांची अदलाबदल करू नये. कंडेन्सर घेताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवावे. व्होल्टेजचा आकडा जास्त असला तर हरकत नाही. मोटार चालू करण्याचा कंडेन्सर मात्र इथे लावू नये. तो काही सेकंदांच्या कामासाठी असतो, रात्रभर ठेवला तर फुटतो. होल्डर ७० वॉटपर्यंत ई-२७ आणि १५० वॉटपासून पुढे ई-४० चा असतो. तो इग्नायटरचा झटका सोसणारा, चिनी मातीचाच हवा.

हे सामान मुंबईत लोहार चाळीत आणि पुण्यात तापकीर गल्लीत शोधता येते. जुना भाग, किमान त्याच्या पट्टीचा स्पष्ट फोटो, बरोबर असावा. कंपन्यांची नावेही बदलली आहेत: फिलिप्स लायटिंग २०१८ पासून सिग्निफाय झाली आणि ओसरामचा सामान्य दिव्यांचा धंदा २०१६ मध्ये लेडव्हान्सकडे वेगळा झाला. मर्क्युरी व्हेपरचे दिवे मात्र शोधत बसू नयेत. पाऱ्याच्या वापरावरील मिनामाता कराराने सामान्य प्रकाशासाठीच्या या दिव्यांच्या उत्पादनाला आणि आयात-निर्यातीला २०२० ची मुदत घातली होती.

खरी टंचाई असते ती काच, गॅस्केट, क्लिप आणि रिफ्लेक्टर यांची. हे भाग त्या त्या मॉडेलसाठीच बनलेले असतात आणि मॉडेल गेले की तेही जातात. सपाट काच करून घेता येते, पण क्रम पाळावा लागतो. टफन्ड काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही. म्हणून लांबी, रुंदी, जाडी आणि भोकांच्या जागा आधी देऊन मग ती टफन करून घ्यायची. गॅस्केटसाठी सिलिकॉनची दोरी मीटरवर मिळते, खाचेची रुंदी आणि खोली मोजून ती निवडावी. फिटिंगच्या कडेने बाहेरून सिलिकॉन फासणे हा फार प्रचलित आणि फार वाईट उपाय आहे. दिवा तापला की आतली हवा बाहेर पडते, विझला की दमट हवा आत ओढली जाते. ही ये-जा कुठल्यातरी फटीतून चालूच राहते आणि आत जमलेल्या पाण्याला वाट उरत नाही. पावसाळ्यानंतर होल्डर गंजलेला सापडतो तो यामुळेच. क्लिप आणि रिफ्लेक्टर बनवून घेणे परवडत नाही. त्यासाठी भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या फिटिंग मिळवाव्यात, किंवा आवारातल्या दोन-तीन निकामी फिटिंग बाजूला ठेवून त्यांचे भाग बाकीच्यांना वापरावेत.

हेही जमले नाही तर जुन्या धडात ई-४० चा एलईडी दिवा बसवण्याचा मार्ग उरतो. त्यासाठी इग्नायटर काढून टाकावाच लागतो, कारण त्याचा झटका एलईडीला मारक ठरतो. चोक आणि कंडेन्सरही सहसा वगळून दिव्याला थेट वीज देतात. बंद फिटिंगमध्ये चालेल असे दिव्यावर लिहिलेले असावे, नाहीतर तो उष्णतेने लवकर जातो. जुना रिफ्लेक्टर बारीक नळीच्या उजेडासाठी घडवलेला असल्याने प्रकाशाचा पसारा पूर्वीसारखा पडत नाही. रस्त्यासाठी हा उपाय कामचलाऊच समजावा, भिंतीवरच्या किंवा फाटकावरच्या दिव्याला तो पुरतो.

पहिल्या पिढीतल्या एलईडी फिटिंगही आता दुरुस्तीला येऊ लागल्या आहेत. त्यांत बहुधा ड्रायव्हर जातो. नवा घेताना आउटपुटचा मिलिअँपिअर तोच आणि व्होल्टचा पल्ला जुन्याला सामावून घेणारा हवा, नुसते वॉट जुळून भागत नाही. काढलेले जुने दिवे कचऱ्यात फोडू नयेत. त्यांत पारा असतो आणि ई-कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवेत.