सांध्याची किंमत आणि सांधा टिकविण्याची किंमत

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला त्या वेळी कर वगळून ५४,७२० रुपयांची मर्यादा पडली. या निर्णयाने सामान्य रुग्णाला दिलासा मिळाला, यात शंका नाही. तथापि सांधा विकत घेण्याची किंमत ही एक गोष्ट आहे आणि तो शरीरात टिकविण्याची किंमत ही दुसरी. पहिलीची चर्चा पुष्कळ झाली; दुसरीची जवळजवळ झालीच नाही.

कृत्रिम सांधा बसविलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारणतः एक-दोघांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. प्रमाण अल्प खरे. परंतु हा संसर्ग साध्या जखमेसारखा नसतो. धातू व प्लॅस्टिक यांना रक्तपुरवठा नाही. त्यांच्या पृष्ठभागावर जंतू चिकट पापुद्रा तयार करतात व त्याच्या आड औषधांना दाद देत नाहीत. संसर्ग लवकर लक्षात आल्यास सांधा ठेवून आतील भाग शस्त्रक्रियेने स्वच्छ करता येतो. उशीर झाल्यास सांधाच काढून नवा बसवावा लागतो. दोन्ही मार्गांनंतर प्रतिजैविकांचा दीर्घ उपचार अटळ असतो. दुसरी शस्त्रक्रिया न पेलणाऱ्या वृद्धाला तर कित्येकदा वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. त्या रोगाचे मूळ उपटीत नाहीत, केवळ त्याला दाबून धरतात.

हा उपचार किती काळ चालावा? फ्रान्समधील सुमारे चारशे रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी १८.१ टक्के रुग्णांत संसर्ग टिकून राहिला. बारा आठवडे घेतलेल्यांत हे प्रमाण ९.४ टक्के होते. त्यापूर्वी, २०१९ मध्ये, ब्रिटनमधील १,०५४ रुग्णांच्या चाचणीने असे दाखविले की, हाडांच्या व सांध्यांच्या संसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत शिरेतून दिलेल्या औषधाच्या तुलनेत योग्य निवडलेल्या गोळ्या कमी पडत नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कालावधी वाढला, पण खाटेवरचा खर्च वाचला.

नेमक्या याच ठिकाणी व्यवस्थेचा हिशेब चुकतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च पंधरा दिवसांपुरता धरला आहे. उपचार बारा आठवड्यांचा आणि आधार पंधरा दिवसांचा! उरलेल्या काळातील गोळ्या, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या, तालुक्याहून शहरापर्यंतच्या खेपा हे सारे कुटुंबाच्या खिशातून जाते. मग औषध थांबते ते रोग बरा झाला म्हणून नव्हे, तर पैसे संपले म्हणून.

आणि अपुऱ्या उपचाराचा भार त्या कुटुंबापुरता राहत नाही. स्टॅफिलोकोकस जंतूंविरुद्ध येथे अनेकदा दुसऱ्या औषधाच्या जोडीने रिफॅम्पिसिन वापरतात. ते क्षयरोगावरील प्रमुख औषधांपैकी एक आहे. एकट्याने वा अर्धवट वापरल्यास त्याला जंतू लवकर निर्ढावतात. एकाच्या नाइलाजाची किंमत अशा वेळी अनेकांना मोजावी लागते. म्हणूनच दीर्घ उपचाराला सरसकट उत्तेजन देणेही घातक ठरेल. जंतू कोणता, त्यावर कोणते औषध चालते, हे तपासून मगच औषध निवडले पाहिजे. आजन्म गोळ्यांचा मार्ग तर ज्याला अन्य मार्गच उरला नाही, त्याच्यासाठीच राखून ठेवला पाहिजे.

उपाय अवघड नाही. संसर्गित सांध्यावरील शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरचा संपूर्ण औषधोपचार हे एकच काम मानून विम्याने व शासकीय योजनांनी त्याचा खर्च उचलावा. तपासण्या त्यातच धराव्यात. बारा आठवड्यांच्या गोळ्यांचा खर्च दुसऱ्यांदा सांधा बदलण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळच कमी असतो. सांधा स्वस्त करून तो टिकविण्याची जबाबदारी रुग्णावर सोपविणे, ही काटकसर नव्हे. ते पुढे ढकललेले कर्ज होय.